आभाळातला काळा धागा

आमच्या दाजींसारखे डोळे देवाने सोलापुरात दुसऱ्या कुणाला दिले नसतील, आणि दिलेल्या डोळ्यांचे इतके हाल दुसऱ्या कुणी केले नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात ते माल तपासायचे. मागावरून उतरलेलं कापड काचेच्या टेबलावरून ओढून घ्यायचं, काचेखाली ट्यूब जळत असायची, आणि त्या उजेडात कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते हेरून खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. त्याच कारखान्यात माझे यजमान तयार मालाच्या गाठी बांधायला होते आणि मी टॉवेलच्या कडा शिवायला. यजमान त्यांना दाजी म्हणायचे, म्हणून विणकर म्हणायला लागले, मग झाडणारी मावशी म्हणायला लागली, आणि शेवटी शेठसुद्धा फोनवर व्यापाऱ्याला "थांबा, दाजींना विचारून सांगतो" असं म्हणायला लागले. असे ते अख्ख्या कारखान्याचे जावई झाले, आणि जावयाने जेवढा मान घ्यायचा आणि जेवढं नाक मुरडायचं तेवढं दोन्ही त्यांनी मन लावून केलं.

कारखान्यातून सुटल्यावर माणसाने डोळे मिटून घरी जावं, पण दाजींचे डोळे चोवीस तास कामावर. बसमध्ये बसले की पुढच्या सीटचं कव्हर बघायचे. कुणाच्या घरी गेले की आधी पडद्याचं टोक उलटायचे, मग राम राम म्हणायचे. माझ्या चुलत दिराच्या लग्नात अंतरपाट धरायचा मान त्यांना दिला होता. मंगलाष्टकं चालली होती, सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या, नवरा-नवरी खाली मान घालून उभे, आणि दाजींनी अंतरपाट थोडा वर उचलून उजेडात धरला. नवरीचे पाय सगळ्यांना दिसले. भटजी म्हणाले, "खाली घ्या, खाली घ्या!" दाजी म्हणाले, "घेतो की. पर डबल धागा आलाय हितं. ज्यानं दिलाय त्याला परत करा." वन्सं, म्हणजे माझी नणंद, असलं काही ऐकून कपाळाला हात लावायच्या आणि हसायच्यासुद्धा. त्या सांगायच्या, "मला बघायला आले तवा माझ्याकडं बघितलंच न्हाय ह्यांनी. नुसता पदर बघत बसले. घरी जाऊन काय सांगितलं? म्हणं, पोरगी चांगली हाय, साडीत दोष हाय."

आमच्या घरात नणंदेच्या यजमानांशी सरळ बोलायची रीत नव्हती. मी पदर पुढे ओढून घ्यायची आणि ते भिंतीकडे बघायचे. घरात वन्सं मध्ये असायच्या म्हणून भागायचं. कारखान्यात मोठी पंचाईत. दाजी एखादा टॉवेल घेऊन माझ्या मशीनपाशी यायचे आणि छताकडे बघून म्हणायचे, "टॉवेल शिवणाऱ्यांना म्हणावं, टाका जरा बारीक घ्या." हे त्यांनी कुणाला सांगितलं? तिथे आम्ही दोघांशिवाय चिटपाखरू नसायचं. मी मशीनकडे बघून सांगायची, "घेते म्हणावं." मशीन बिचारी दोघांचंही ऐकून घ्यायची. अशी कितीतरी वर्षं गेली. त्यांच्या डोळ्यांत मी कधी नीट बघितलंही नव्हतं. सगळं कळलं ते डोळे बिघडल्यावर.

डोळ्यांची काळजी मात्र त्यांच्याइतकी कुणी घेत नव्हतं हेही खरं. सकाळी उठल्याबरोबर तोंडात पाण्याची चूळ धरून, गाल फुगवून, उघड्या डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायचे. उन्हाळ्यात वन्संकडून तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासून घ्यायचे, वाटी काळी पडली की म्हणायचे, "बघ, उष्णता निघाली." कारखान्यात वेल्डिंग चाललं असलं की पाठ करून बसायचे. टीव्ही बघायचे नाहीत. पण हे सगळं बाहेरून. आतून काय चाललं होतं ते सांगायचं तर, चहात साखर एवढी की कप रिकामा झाल्यावर बुडाची साखर बोटाने चाटायचे. शेंगापोळी पुढे आली की नाही म्हणणं त्यांना अपमान वाटायचा, शेंगापोळीचा. ओठाखाली तंबाखू कायम. शेजारच्या गल्लीत जायचं तरी लुना काढायची, कारण पायी गेलं की धूळ डोळ्यात जाते. साखर आणि बीपी दोन्ही होतं. गोळ्याही होत्या. पण त्यांचा हिशोब वेगळा होता. बीपीची गोळी भांडण झालं की घ्यायची, आणि साखरेची गोळी गोड खाल्लं की. वन्सं सकाळी गोळी पुढे करायच्या तेव्हा म्हणायचे, "अजून काय गोड खाल्लंच न्हाय की गं. उगा कशाला वाया घालवायची?" आणि रक्त तपासायचं असलं की आधीचे काही दिवस नुसती कडक भाकरी आणि चटणी. रिपोर्ट जरा बरा आला की तो खिशात घालून थेट जिलेबीच्या दुकानात. वन्सं एकदा फार चिडल्या. म्हणाल्या, "ती साखर डोळ्यावर जाती म्हणं." दाजींनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "डोळा भाईरनं बिगडतो. धूळ, ऊन, टीव्ही. साखर जिभेला लागती, तिचा नि डोळ्याचा काय संबंध? डोळ्याच्या आत काय हाय?"

मग त्या वर्षी पांढऱ्या टॉवेलची मोठी ऑर्डर आली. एके दिवशी दाजींनी अख्खा तागा बाजूला टाकला. म्हणाले, काळा धागा आलाय. मागावर एक तेलुगू बोलणारे वयस्क विणकर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा धावत आले, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "एमी लेदु दाजी! काही नाही हितं."

"तुला दिसत न्हाय म्हणून न्हाय व्हय? ह्यो बघ. ह्यो. सरकला बघ तिकडं."

"धागा सरकतो होय कधी?"

"कापड वडलं की सरकतो."

मामांनी माग थांबवला, साफ केला, तेल पुसलं. दुसरा तागा आला, त्यातही काळा धागा. शेठनी सूत बदललं. तरी धागा. शेठनी काचेखालची ट्यूब बदलली, टेबलाची काच बदलली. आता हसू येतं आणि रडूही येतं, पण कारखान्यात एकाच्याही मनात आलं नाही की दाजींना विचारावं, तुमचे डोळे कसे आहेत. दाजींना दिसतंय म्हणजे आहेच, असं सगळ्यांनी धरलं होतं. दोन दिवसांत तो धागा इतरांनाही दिसायला लागला. माझ्या शेजारची बाई टॉवेल उजेडाला धरून म्हणाली, "व्हय की, बारीक हाय, पर हाय." मामासुद्धा शेवटी मान हलवून म्हणाले, असेल बाबा काहीतरी. दाजी चिमटा घेऊन बसायचे आणि कापडावरून काहीतरी उचलायचे, झटकायचे, परत उचलायचे. सगळा कारखाना कापडात शोधत होता, आणि जे शोधत होता ते कापडात नव्हतं.

घरी वेगळाच तमाशा. जेवायला बसले की, "भाकरीत केस हाय." वन्संनी भाकरी बदलून दिली. "हिच्यात बी हाय." वन्सं स्वयंपाक करताना डोक्याला फडकं बांधायला लागल्या. तरी केस. एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वन्संनी पांढरास्वच्छ दहीभात वाढला. दाजींनी ताट सारलं आणि म्हणाले, "केस." वन्संचा पारा चढला. डोक्याचं फडकं सोडून त्यांच्यापुढे आपटलं आणि म्हणाल्या, "आता मुंडण करू काय? सांगा, न्हाव्याला बोलावते!" माझे यजमान हसले. मी दाराआड उभी राहून बघत होते. दाजींनी ताटातून नजर काढली आणि भिंतीकडे नेली. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता. तिथे ते बराच वेळ बघत राहिले. मग उघड्या दारातून बाहेर बघितलं. दुपारचं आभाळ, एक ढग नाही. बघता बघता त्यांची मान हळूहळू एका बाजूला वळली, जणू काही सरकणाऱ्या गोष्टीच्या मागे चालली आहे. आणि ते इतक्या हलक्या आवाजात बोलले की तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आभाळात बी हाय की गं."

वन्संनी फडकं उचललं नाही.

त्याच दिवशी उठून दवाखान्यात गेले असते तर, असं अजून मनात येतं. वन्संनी फार विनवलं. पण दाजी म्हणाले, ही उष्णता आहे. खरं कारण त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं: "माल बघणाऱ्याच्या डोळ्याला डॉक्टर लावला म्हटल्यावर त्याच्या खडूला कोण विचारतंय? पंचवीस-तीस वर्सं माझ्या खुणंवर माल गेलाय. आता म्हणू का, मला दिसत न्हाय?" आणि नेमका पुढच्या काही आठवड्यांत तो धागा विरत गेला आणि दिसेनासा झाला. दाजींना एवढा आनंद झाला की कारखान्यात पेढे वाटले. धागा निघाला म्हणाले. शेठ म्हणाले, नव्या सुताचा गुण. मामा म्हणाले, माग साफ केला त्याचा गुण. वन्सं म्हणाल्या, तुपाचा गुण असंल, पण एकदा दाखवून तर या. दाजी पेढा तोंडात टाकत म्हणाले, "गेलेल्या पाव्हण्याला कोन बोलावून आणतं?" तो सगळा उन्हाळा त्यांना लख्ख दिसत होतं. लख्ख दिसत होतं म्हणूनच सगळं गेलं.

पुढे एका सकाळी ते कारखान्यात टेबलापाशी उभे होते आणि एकाएकी म्हणाले, "ट्यूब गेली काय?" ट्यूब चालू होती. उजव्या डोळ्यात शाई सांडावी तसं झालं होतं. डाव्यातही धुरकट. तेव्हा मात्र वन्सं, मी आणि माझे यजमान त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करणाऱ्या. डोळ्यात थेंब घालून त्यांनी डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. उजव्याचा फोटो नुसता लालभडक. डाव्यातलं दिसत होतं: केशरी रंगाचं गोल, आणि त्यात बारीक बारीक लाल नसा पसरलेल्या. दाजींनी तोंड अगदी स्क्रीनजवळ नेलं. सवयीने हात खिशात गेला, खडू नव्हता, मग बोटच टेकवलं. "ह्यो मोठा डाग बघा," ते म्हणाले.

"तो डाग नाही बाबा. तिथून डोळ्याची शीर निघते. सगळ्यांना असतो तो."

"मग ह्ये बारीक ठिपकं?"

"ते मात्र दोष आहेत."

मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. त्या म्हणाल्या, वय झालं की सगळ्यांच्याच नसा थोड्या ताठ आणि अरुंद होतात, त्याला कुणाचा इलाज नाही. पण दाजींच्या नसांवर वयाच्या जोडीला आणखी तिघं कामाला लागले होते. साखरेने नसांच्या भिंती कमजोर केल्या, बीपीने आतून रेटा दिला, तंबाखूने त्या आणखी आवळल्या. त्यातून पाझर सुरू झाला, काही नसा बंदच पडल्या. रक्त पुरेना म्हणून डोळ्याने घाईघाईने नव्या नसा काढल्या. त्या कच्च्या असतात, लगेच फुटतात. पहिल्यांदा थोडं रक्त आलं, ते आत तरंगताना धाग्यासारखं दिसलं. ते जिरलं, म्हणून धागा गेला असं वाटलं. नसा तशाच राहिल्या. आता मोठं रक्त आलं.

दाजी सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी घाईत, कच्च्या सुतात इणलं."

"तसंच म्हणा."

"रफू होतंय का?"

"रफू नाही होत. लेझर करू, डोळ्यात सुई देऊ, पुढचा पाझर थांबवायला बघू. राहिलंय ते राखता येईल."

"ह्यो माल परत बी पाठवता येत न्हाय, व्हय?"

डॉक्टरीणबाईंना हसावं की नको ते कळलं नाही. दाजींनी विचारलं, "आदी आलो असतो तर? धागा पयल्यांदा दिसला तवा?"

"तेव्हा आला असता तर बरंच वाचलं असतं. धागा दिसायच्याही आधी, दरवर्षी एकदा आला असता, तर कदाचित सगळंच."

मला वाटलं आता वन्सं काहीतरी बोलतील. इतकी वर्षं बोलत आलेली बाई. त्यांनी फक्त विचारलं, "ह्यांना आता चहा दिला तर चालंल का? बिनसाखरेचा."

त्यानंतर दाजी असे शहाणे झाले की बघवेना. गोळी वेळेवर, जेवण मोजकं, तंबाखू बंद, सकाळी वन्संचा हात धरून चालणं. कारखान्याने शाल-नारळ दिला, त्या शालीचं टोक त्यांनी उलटून बघितलं नाही. वन्संनी ज्याच्यासाठी जन्मभर डोकं फोडलं ते सगळं आता न मागता मिळत होतं, आणि वन्सं एकदा मला चुलीपाशी म्हणाल्या, "पयलंच बरं होतं गं. भांडत तर होते." उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, तेवढंच. डाव्याला माणूस कळतो, पण चेहरा नाही. आणि एवढ्या नजरेवर ते सगळ्या सोलापूरला उपदेश करत फिरतात. जिलेबीच्या दुकानापाशी वास आला की थांबतात आणि अनोळखी माणसाला विचारतात, "साखर हाय का तुमाला? डोळ्याचा मागचा पडदा दाखवला का? दिसतंय म्हणून थांबू नका. मला बी दिसत होतं." लोक पुडी लपवून पुढे जातात.

मागे माझी साखर जरा वाढलेली निघाली. दाजींना कळल्यावर त्यांनी माझ्या यजमानांमागे टुमणं लावलं. शेवटी त्यांच्या तपासणीच्याच दिवशी मला न्यायचं ठरलं. नेमक्या वन्सं कुंभारीला नातलगाकडे अडकल्या, यजमानांना सुट्टी नाही. म्हणजे आम्ही दोघंच. रिक्षा आली तेव्हा दाजी रिक्षावाल्याला म्हणाले, "बाईंना म्हणावं, बसा." रिक्षावाल्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "तुमीच म्हणा की!"

दवाखान्यात दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातले. माझा फोटो काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा बऱ्या आहेत, साखर सांभाळा आणि दरवर्षी या. दाजींनी हे शेजारच्या खुर्चीवरून ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांचाच माल पास झाला. मग आम्ही बाहेर आलो आणि मला काही दिसेना. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, वरून सोलापूरचं ऊन. रस्ता, माणसं, गाड्या, सगळं पांढरं होऊन एकात एक मिसळलं. पायऱ्या कुठे संपतात ते कळेना. मी कठड्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात माझ्या हाताला त्यांच्या काठीचं टोक लागलं.

"धरा वैनी. उनाकडं बघू नका, खाली बघा. डाव्या अंगाला लिंबाचं झाड हाय, त्येच्याखाली बाक हाय. मला पाठ हाय."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले होते. मी काठी धरली आणि त्यांच्या मागे गेले. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "समोर काय दिसतंय?"

मी म्हटलं, "पांढरं पांढरं काहीतरी. हलतंय."

"मला बी त्येच," ते म्हणाले आणि हसले. मलाही हसू आलं. मग ते म्हणाले, "भिऊ नका. तुमचं उतरतंय सांजपातूर."

आम्ही बसून राहिलो. भिंतीकडे बघावं असं दोघांनाही वाटलं नाही. ऊन कलायला लागलं तसं हळूहळू एकेक वेगळं व्हायला लागलं. आधी झाडाची पानं. मग समोरच्या दुकानाची पाटी, तिच्यावरची अक्षरं. मग शेजारी बसलेले दाजी. त्यांच्या शर्टाची कॉलर घडीवर विरली होती, बारीक धागे निघाले होते. ते समोर बघत होते, अगदी लक्ष देऊन. समोर नुसता रस्ता होता.

"दिसाया लागलं का वैनी?"

मी म्हटलं, "नाही दाजी. अजून नाही."

"असू द्या," ते म्हणाले. "घाई न्हाय."